नंबर बदललाय, माणूस घरातच आहे
वाचकांचे संगणक-प्रश्न

प्रश्न : ताई, मी मिरजेची, निवृत्त शिक्षिका. आमच्या यजमानांनी मीरासाहेबांच्या उरुसातल्या मैफली आणि इथल्या घरगुती बैठका वर्षानुवर्षं कॅसेटवर टिपून ठेवल्या. मुलानं त्या सगळ्या खालच्या खोलीतल्या जुन्या संगणकात भरून दिल्या, मोजून ११२ आहेत. यजमान आता जिना उतरत नाहीत. म्हणून वरच्या लॅपटॉपवर व्हीएलसी या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये मुलानं एक यादी करून ठेवली. यादीतल्या नावावर दोनदा टिचकी मारली की खालचं गाणं वर वाजायचं. गणपतीच्या आधी घरात फायबरचं इंटरनेट घेतलं. सणाच्या गडबडीत गाणी लावली नाहीत आणि नंतर लावायला गेले तर लागेनात. ‘युवर इनपुट कान्ट बी ओपन्ड, व्हीएलसी इज अनेबल टु ओपन द एमआरएल’ असं येतं आणि पुढे पत्ता असतो. त्यातले आकडे असे : १९२.१६८.१.५. एका दुकानदारानं व्हीएलसी काढून पुन्हा टाकलं. दुसऱ्यानं लॅपटॉप फॉरमॅट करून नवी विंडोज घातली, १२०० रुपये घेतले. यादी तेवढी त्यानं पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती. संदेश अजून तोच. इंटरनेट झकास चालतं. तिसरा म्हणतो, खालचा संगणक भंगारात काढा. काढू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बाई, काढू नका. उत्तर तुमच्या पत्रातच होतं. शाळेतल्या सवयीनं तुम्ही तो संदेश टिंबांसकट उतरवून पाठवलात, म्हणून मला ते सापडलं. दुकानदारांनी तो ‘इनपुट उघडत नाही’ इथवर वाचला आणि व्हीएलसीवर खापर फोडलं.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. समोर बोर्ड, कानाला हेडसेट, दोन्ही हातांत कॉर्ड. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘लाइन लागत नाही हो!’ या वाक्यातून आम्हाला काडीचं काही कळायचं नाही. नंबरच चुकीचा आहे? नंबर बरोबर आहे, पण तिकडची तार तुटली आहे? घंटी वाजते, पण कुणी उचलत नाही? की उचलला, आणि पलीकडून ‘तुम्ही कोण? साहेब बिझी आहेत’ म्हणून ठेवून दिला? गिऱ्हाइकाला चारही सारखेच, कारण बोलणं होत नाही. ऑपरेटरला मात्र ही चार वेगळी कामं. पहिल्यासाठी १९७ ला विचारून नवा नंबर काढायचा, दुसऱ्यासाठी लाइनमन पाठवायचा, तिसऱ्याला थांबायचं, चौथ्याला नाव-गाव सांगून ओळख पटवायची. यातल्या कशासाठीही गिऱ्हाइकाच्या घरचा फोन उघडून बसायची गरज नसते. तुमच्याकडे दोघांनी नेमकं तेच केलं.

व्हीएलसी तसं निर्दोष आहे. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, तेच मुळी आवारातल्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाहता यावा म्हणून. दुसऱ्या यंत्रातलं गाणं आपल्याकडे आणणं हे त्याचं जन्मजात काम. एमआरएल म्हणजे तरी काय, गाणं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता. ‘या पत्त्यावर मला कुणी सापडलं नाही’ एवढंच ते बिचारं सांगत होतं.

आता तो पत्ता बघा. १९२.१६८ नं सुरू होणारे आकडे बाहेरच्या जगात चालत नाहीत. ते घरातल्या घरात वापरायला राखून ठेवलेले आहेत. हॉटेलात खोली नंबर १०५ ला फोन लावतो ना, तसं. १०५ मिरजेतही असतो आणि पुण्यातही, बाहेरून त्याला काही अर्थ नाही. हे नंबर वाटतो तो तुमचा राउटर, म्हणजे भिंतीवरचा डबा. जुना डबा १९२.१६८.१ अशी सुरुवात करून नंबर द्यायचा आणि खालच्या संगणकाला त्यानं ५ दिला होता. फायबर बसवायला आलेल्या पोरानं जुना डबा काढून नवा लावला. नव्या डब्याची नंबर द्यायची तऱ्हा निराळी असू शकते. यादीत मात्र ११२ ओळींत जुनाच नंबर. इंटरनेट झकास चालणारच, त्याचा या नंबराशी संबंध नाही.

हा माझा अंदाज होता. खात्री करायला मी बाईंना फोन केला आणि सव्वा तास आम्ही दोघी जिना चढत-उतरत होतो. म्हणजे चढत-उतरत होत्या त्या, मी नुसती कानाला फोन लावून. तो सव्वा तास इथे लिहिते, कारण अशी पत्रं महिन्याला दोन-तीन येतात.

आधी खाली. जुन्या संगणकावर विंडोजचं बटण दाबून इंग्रजीत ‘सीएमडी’ लिहायचं, एंटर. काळी खिडकी उघडते. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ सलग इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर. बऱ्याच ओळी येतात, त्यातली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ एवढीच वाचायची. बाईंनी वाचली : १९२.१६८.०.१०४. झालं! शेवटून दुसरा आकडा १ चा ० झाला होता. अख्खी गल्लीच बदलली होती, घर तर दूरच. (तिथे १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला तर समजा, डब्यानं नंबर दिलेलाच नाही. मग तार किंवा वायफाय बघायचं, बाकी काही बघू नका.)

मग वर. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’, एक जागा सोडून तो नवा नंबर, एंटर. पिंग म्हणजे नुसती ‘हॅलो’. उत्तर आलं, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. चार वेळा. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे खालचा खरंच गेला की हो!’

नाही. इथे फार लोक फसतात. एकाच डब्यावरचा संगणक बंद असेल, तर विंडोज बहुधा ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं म्हणते, म्हणजे तारच नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे घंटी वाजते आहे, उचलत कुणी नाही. संगणक चालू असून उचलत नसेल, तर दारावर पहारेकरी बसलेला असतो. त्याचं नाव फायरवॉल.

आणि तो दारात का बसला? नवा डबा लागला की विंडोजला ते नवं गाव वाटतं. ती विचारते, या नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना तुमचा संगणक दिसू द्यायचा का? बाईंना आठवलं, असं काहीतरी आलं होतं आणि त्यांनी ‘नो’ दाबलं होतं. अनोळखी प्रश्नाला शहाणा माणूस ‘नाही’च म्हणतो, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यामुळे विंडोजनं घरच्या नेटवर्कला एसटी स्टँडच्या फुकट वायफायच्या पंक्तीला बसवलं. ‘पब्लिक’. पब्लिक नेटवर्कवर संगणक कुणाशी बोलत नाही, आणि एरवी ते योग्यच आहे.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची. खालच्या संगणकावर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, जी जोडणी असेल तिचं प्रॉपर्टीज, आणि नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’चं ‘प्रायव्हेट’. वर पुन्हा पिंग. चार वेळा ‘रिप्लाय’. इकडे मी खुर्चीतून उठून उभी राहिले, इतकी वर्षं झाली तरी लाइन लागली की असं होतंच.

पण गाणं अजून नाही. आता मी व्हीएलसी उघडायला मनाई केली. लाइन लागेपर्यंत साहेबांना फोनवर बोलवायचं नसतं. व्हीएलसीला तपशिलात सांगता येत नाही, ते आपलं एकच रडगाणं लावतं. म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे नवा नंबर लिहायला लावला. त्यावर जो संदेश आला तो बाईंनी वाचून दाखवला आणि आम्ही दोघी हसलो. मराठीत सांगायचं तर : तुमच्या संस्थेच्या सुरक्षा-धोरणानुसार ओळख न पटवता पाहुणा म्हणून येण्यास बंदी आहे, सबब हे फोल्डर उघडता येणार नाही. ‘कसली संस्था? घरात आम्ही दोघंच आहोत!’

संस्था-बिंस्था काही नाही, कंपन्यांसाठी लिहिलेलं वाक्य घरोघर दिसतं. मुद्दा असा. मुलानं खालचं फोल्डर पासवर्डशिवाय खुलं ठेवलं होतं, कुणीही यावं आणि ऐकावं. वरची जुनी विंडोज त्या उघड्या दारातून मुकाट्यानं आत जायची. फॉरमॅट करणाऱ्यानं लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो ची २४एच२ आवृत्ती घातली. २०२४ च्या शेवटी आलेली ही आवृत्ती दुसऱ्या संगणकाच्या फोल्डरात असं ‘पाहुणा’ म्हणून शिरायला स्वतःच नकार देते. म्हणजे नंबर आणि पहारेकरी हे दोन फॉल्ट फायबरच्या दिवसापासूनचे, आणि हा तिसरा बाईंनी १२०० रुपये मोजून घरात आणलेला.

इथे इंटरनेटवर शोधलंत तर एक झटपट उपाय सापडेल. लॅपटॉपला पुन्हा पाहुणा व्हायची मुभा द्यायची, नाहीतर संगणक एकमेकांकडे फाइली मागताना पूर्वी वापरायचे ती ‘एसएमबी १’ नावाची जुनी बोली चालू करायची. दुकानदारही तेच करतात, कारण दोन मिनिटांत गिऱ्हाईक खूश. मला ते पटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची खंडणीखोर कीड जगभर पसरली. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ती संगणकातून संगणकात शिरली ती याच जुन्या बोलीतल्या भगदाडातून. भगदाड बुजवणारं ठिगळ त्याच वर्षी मार्चमध्ये निघालं होतं, ज्यांनी लावलं नाही ते सापडले. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० पासून नव्यानं घातलेल्या विंडोजमध्ये ती बोली सहसा आपोआप चालू नसते. मैफली ऐकायला ती कडी काढून ठेवायचं कारण नाही, कारण सरळ रस्ता दहा मिनिटांचाच आहे.

सरळ रस्ता म्हणजे पाहुण्याला नाव द्यायचं. खालच्या संगणकावर सेटिंग्ज, अकाउंट्स, तिथे ‘अदर यूजर्स’मध्ये नवीन माणूस. विंडोज ईमेल मागायला लागते, तेव्हा ‘या माणसाची माहिती माझ्याकडे नाही’ आणि पुढच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय’ हे दोन पर्याय निवडायचे. आम्ही माणसाचं नाव ठेवलं ‘गाणी’, इंग्रजी चार अक्षरांत. पासवर्ड हवाच, रिकामा चालत नाही. बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, फक्त समोर बसलेल्यालाच घेते. बाईंनी जो पासवर्ड ठेवला तो मी विचारला नाही, ‘वहीत लिहा आणि वही तांदळाच्या डब्यात ठेवू नका’ एवढं म्हणाले. मग मैफलींच्या फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर, यादीतून ‘गाणी’ निवडून हक्क फक्त ‘रीड’. म्हणजे वरून ऐकता येईल, पण चुकून पुसलं जाणार नाही. ११२ मैफलींची दुसरी प्रत घरात आहे का, विचारलं. नाही म्हणाल्या. मुलाला सांगून या दिवाळीच्या आत ती करून घ्या, बाई, हे मी इथे छापून सांगते आहे.

वर पुन्हा तोच पत्ता. या वेळी नाव आणि पासवर्ड विचारला गेला, ‘लक्षात ठेव’ची चौकट भरली आणि फोल्डर उघडलं.

राहिली यादी. नवा नंबर घालायचा तर तो उद्या पुन्हा बदलेल. लाइट गेली, डबा बंद-चालू झाला की १०४ चा १०७ व्हायला वेळ लागत नाही. दोन उपाय आहेत. डब्याच्या आतल्या पानावर या संगणकाला हाच नंबर कायमचा राखून ठेवता येतो, पण त्या पानाचा पासवर्ड फायबरवाल्या पोराकडे आणि पोरगा फोन उचलत नाही. म्हणून दुसरा : नंबर सोडून संगणकाच्या नावानं हाक मारायची. काळ्या खिडकीत ‘होस्टनेम’ लिहिलं की नाव कळतं. बाईंच्या संगणकाला मुलानं ‘माडीखाली’ असं नाव दिलेलं निघालं. पोरगा रसिक आहे. नावानं पिंग करून बघितलं, उत्तर आलं. मग फाइल एक्स्प्लोररमध्येही नंबराऐवजी हे नाव लिहून पासवर्ड पुन्हा एकदा भरला, कारण विंडोज तो प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा लक्षात ठेवते.

व्हीएलसीची यादी म्हणजे साधा मजकूर असतो, ती नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक मैफलीची एक ओळ, ओळीत तो मेलेला नंबर. आधी यादीची एक नक्कल करून बाजूला ठेवली. मग कंट्रोल आणि एच. वरच्या रकान्यात जुना नंबर, खालच्यात संगणकाचं नाव, ‘रिप्लेस ऑल’, सेव्ह. एकशे बारा ओळी एका दमात बदलल्या. ‘पूर्वी पेपर तपासताना असं बटण असतं तर!’ म्हणाल्या.

व्हीएलसी उघडलं, यादीतल्या पहिल्या नावावर दोनदा टिचकी. फोनमधून मला आधी टेपची खरखर ऐकू आली, मग कुणीतरी खाकरलं, मग तानपुरा. पलीकडून यजमानांचा आवाज आला, ‘हा तानपुरा आपल्या गल्लीतला आहे.’ मिरजेची माणसं, तानपुऱ्याचं कुळ ओळखणारच.

एक राहिलं. खालच्या संगणकावर विंडोज १० आहे आणि तिचे नेहमीचे मोफत सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्याच्यावरून बँक, ईमेल काही करू नका. त्याला आता फक्त गाऊ दे.


प्रश्न : माझ्या जुन्या संगणकावर सकाळी ऑनलाइन रेडिओ लावला की प्रमाणपत्राची चूक दाखवून जोडणी तुटते. दुपारी मुलगा येऊन काहीतरी करतो आणि लागतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. रात्री मी भिंतीवरचं बटण बंद करते, बिल वाचावं म्हणून. त्याचा संबंध असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. उद्या सकाळी रेडिओ लावण्याआधी खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचा. पैज लावते, ती पंधराएक वर्षांपूर्वीची असेल आणि तुमचा मुलगा दुपारी येऊन ती तारीख बरोबर करत असेल.

हल्ली बहुतेक रेडिओ कुलूपबंद जोडणीतून येतात. समोरचं केंद्र एक प्रमाणपत्र दाखवतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. तुमचा संगणक २००९ सालात उठला तर त्याला ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं, तो म्हणतो खोटं आहे.

संगणक बंद असतानाही त्यातलं घड्याळ चालवते ती मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी. भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळाला तिथून थोडी वीज मिळत राहते, म्हणून बॅटरी मेलेली कळतच नाही. तुम्ही बटण बंद करता म्हणून कळली. घड्याळाच्या दुकानात ‘सीआर २०३२’ मागा, ३ व्होल्टची. किरकोळ किमतीत मिळते. वायर काढून, झाकण उघडून, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायची. एकदा तारीख लावली की झालं. बटण खुशाल बंद करत जा.

जुनी बॅटरी मात्र टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. चिकटपट्टीत गुंडाळून वेगळी टाका.


प्रश्न : दुबईत मुलाकडे आले आहे. माझ्या लॅपटॉपवरचे नातवाचे व्हिडिओ इथल्या टीव्हीवर दिसायला हवेत, पण टीव्हीला लॅपटॉप ‘सापडत नाही’. दोन्ही वायफायवर आहेत, नेटही चालतं.
– एक आजी

उत्तर : आजी, मुलानं तुम्हाला पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड दिलाय का, ते विचारा. बऱ्याच डब्यांत घरच्यांसाठी एक आणि पाहुण्यांसाठी एक, अशी दोन वायफाय असतात. पाहुण्यांच्या वायफायवरून इंटरनेट मिळतं, पण घरातली इतर यंत्रं दिसत नाहीत. टीव्ही ‘कोण कोण आहे?’ अशी सगळ्यांना एकदम हाक मारतो, ती तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मुख्य वायफायचा पासवर्ड मागून घ्या. तरी दिसलं नाही, तर वर मिरजेच्या बाईंना सांगितलेलं ‘पब्लिक’चं ‘प्रायव्हेट’ लॅपटॉपवर करा.

आणि मुलाला म्हणावं, आई पाहुणी नाही.